किल्ली गाडीत राहिली आणि गाडी गेली : विम्याचा क्लेम कसा मागायचा

मामा माझ्या टेबलासमोर येऊन बसले तेव्हा त्यांच्या हातात अजून दुधाच्या दोन पिशव्या होत्या. होटगी रोडला डेअरीसमोर त्यांनी एर्टिगा उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि दूध घेतलं. सुट्ट्या पैशांवरून दुकानदाराशी दोन शब्द झाले, वळून बघतात तर गाडी नाही. दोघंही रस्त्यावर धावले, पण गाडी आसरा चौकाकडं निघून गेली होती.

पॉलिसी मी काढून दिलेली, म्हणून पोलीस ठाण्यात जायच्या आधी ते माझ्याकडं आले. सोबत भाचा होता. त्यानं रिक्षातच फिर्यादीचा मजकूर लिहून काढला होता : ‘गाडी व्यवस्थित लॉक करून दूध आणण्यास गेलो असता...’

“मामा, दुसरी किल्ली कुठाय?”

“घरी. देव्हाऱ्याखालच्या खणात. अजून प्लॅस्टिकमध्येच हाय, कधी काढलीच नाही.”

“आणि रोजची?”

मामांनी सवयीनं खिसा चाचपला आणि गप्प बसले.

भाचा म्हणाला, “लॉक होती म्हणून लिहिलं तर काय बिघडतंय?”

काय बिघडतं ते या लेखात सांगतो. किल्ली आत राहिली म्हणून क्लेम मेलाच, असं सोलापुरात दहातले आठ जण धरून चालतात आणि त्या भीतीनं खोटं लिहितात. प्रत्यक्षात निष्काळजीपणा झाल्यावरही विम्याच्या रकमेचा मोठा भाग मिळू शकतो. खोटं उघडं पडलं की मात्र हातात काहीच उरत नाही.

आधी पॉलिसी उघडा

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नं सक्तीचा केलेला विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. चोरीसाठी ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग लागतो, मग तो पॅकेज पॉलिसीतला असो किंवा स्वतंत्र घेतलेला.

यात एक खड्डा आहे आणि त्यात चांगले शिकलेले लोक पडतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. त्यासोबत ओन डॅमेज मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. मालक ‘तीन वर्षांचा विमा आहे’ म्हणून निर्धास्त राहतो आणि दुसऱ्या वर्षी गाडी गेली की कळतं, चोरीचं संरक्षण केव्हाच संपलंय. पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात. दोन्ही वाचा.

मग आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत पाहा. गाडी पूर्ण चोरीला गेली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम ती. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर किमतीतून २० टक्के घसारा, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५० टक्के, असा तो हिशेब आहे. पाच वर्षांनंतर कंपनी आणि तुम्ही मिळून आकडा ठरवता. हप्ता कमी यावा म्हणून आयडीव्ही खाली ओढून घेतला असेल तर त्याचा फटका आता बसतो. ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जोड संरक्षण घेतलं असेल तर बिलाच्या किमतीपर्यंत जाता येतं.

निष्काळजीपणाबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय

‘निष्काळजीपणा केल्यास चोरीचा क्लेम नामंजूर’ असं वाक्य पॉलिसीत कुठंच नसतं. असते ती एक अट, खासगी कारच्या ठरावीक मसुद्यात बहुधा चौथी : विमाधारकानं वाहन सुरक्षित राहावं म्हणून वाजवी ती सगळी खबरदारी घ्यावी, आणि अपघात झाला किंवा गाडी बंद पडली तर ती योग्य काळजी घेतल्याशिवाय बेवारस सोडू नये. सगळा वाद ‘वाजवी’ या एका शब्दाभोवती फिरतो.

दोन मिनिटांसाठी, दहा पावलांवर, नजरेच्या टप्प्यात गाडी चालू ठेवून उतरणं वेगळं. मार्केट यार्डात किल्ली लावलेली गाडी सोडून कांद्याचा लिलाव संपेपर्यंत तासभर बसणं वेगळं. टायर फुटलेली गाडी हैदराबाद रस्त्यावर रात्रभर किल्लीसकट सोडून घरी येऊन झोपणं तर फारच वेगळं. शेवटच्या माणसासाठी मी स्वतः फार भांडणार नाही, कारण त्यानं अटीतला दुसरा भागही मोडलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयानं ३१ जुलै २०२३ रोजी न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या एका प्रकरणात नेमका हाच प्रश्न हाताळला. चालक थोड्या वेळासाठी खाली उतरला, किल्ली इग्निशनलाच राहिली आणि गाडी गेली. न्यायालयाचं म्हणणं असं की चालक उतरणं आणि चोरी लक्षात येणं यांत फार थोडा वेळ गेला होता, त्यामुळं किल्ली राहिली म्हणजे चोराला उघड आमंत्रण दिलं असं म्हणता येत नाही. कंपनीला क्लेम पूर्ण फेटाळता आला नाही. ७५ टक्के रक्कम द्यायला लावली.

हे ७५ टक्के हवेतून आलेले नाहीत. त्याला ‘नॉन-स्टँडर्ड’ तत्त्वावर क्लेम मिटवणं म्हणतात. अट मोडली आहे पण करार मुळातून मोडलेला नाही, अशा वेळी मान्य होऊ शकणाऱ्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत द्यायचं, अशी विमा कंपन्यांचीच जुनी मार्गदर्शक पद्धत आहे. २००८ मध्ये नॅशनल इन्शुरन्सच्या प्रकरणात गाडी खासगी म्हणून विमा उतरवलेली आणि वापर भाड्यानं, असं होतं. तरी चोरीचा त्या वापराशी संबंध नाही म्हणून ७५ टक्के कायम राहिले. वडाप, म्हणजे खासगी गाडीतून भाड्यानं माणसं नेताना गाडी गेली म्हणून डोक्याला हात लावून बसलेल्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

उलट उदाहरणही सांगतो, कारण त्यातली चूक लोकांना चूक वाटतच नाही. ३० सप्टेंबर २०२१ च्या निकालात जोधपूरला गेस्ट हाउसबाहेरून एक नवी बोलेरो चोरीला गेली होती. मालकानं गाडी सोडून जाताना गाफीलपणा केला, असा तो वाद नव्हता. गाडीची तात्पुरती नोंदणी संपली होती आणि कायमची केलेली नव्हती. एवढ्यावरून संपूर्ण क्लेम गेला. थोडक्यात, किल्ली विसरलेल्याला ७५ टक्के आणि आरटीओचा कागद विसरलेल्याला शून्य. एमएच-१३ चा आवडता नंबर मिळेपर्यंत तात्पुरत्या नंबरवर फिरणाऱ्यांनी तारीख बघावी.

पहिल्या तासात

११२ ला फोन करा आणि नंबर, रंग, दिशा सांगा. गाडीत जीपीएस किंवा कंपनीचं मोबाइल ॲप असेल तर ठिकाणाचा स्क्रीनशॉट घ्या, पण स्वतः पाठलाग करू नका.

फास्टॅग लगेच बंद करायची घाई नको. चोर टॅग काढायला विसरला तर सावळेश्वरचा किंवा तामलवाडीचा टोल कापल्याचा मेसेज तुमच्याच मोबाइलवर येतो आणि गाडी पुण्याकडं गेली की तुळजापूरकडं, हे पोलिसांना कळतं. शंभर-दीडशे रुपये गेले तर जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी बंद करा.

आणि जिथून गाडी गेली त्या दुकानाच्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण त्याच दिवशी मागा. बऱ्याच ठिकाणी थोड्या दिवसांत जुन्यावर नवं चढतं. मामांच्या बाबतीत पुढं सगळं याच एका गोष्टीवर तरलं.

फिर्याद : इथं घाई करा, पण मजकुरात नाही

चोरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नोंदवा. ‘दोन दिवस शोधून बघा, मग या’ असं कुणी म्हटलं तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सोलापुरात हद्दीचा घोळ होतो, कारण शहराला पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीणला अधीक्षक कार्यालय. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुणाचीही असली तरी झिरो एफआयआर नोंदवता येतो. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे.

आता मजकूर. ठाणे अंमलदार आपल्या ठरलेल्या भाषेत लिहितो : ‘कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझ्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने चोरून नेली आहे.’ त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच भाषेच्या ओघात ‘गाडी लॉक करून’ हे शब्द आपोआप पडतात, कारण आधीच्या वीस फिर्यादींत तेच असतात. सही करायच्या आधी वाचा आणि घडलं तसं नसेल तर बदलून घ्या.

आम्ही मामांची फिर्याद पुन्हा लिहिली. किती वाजता उतरलो, गाडीपासून काउंटर किती फुटांवर, गाडी दिसत होती का, किती मिनिटांनी वळून पाहिलं, ओरडलो का, कोण धावलं, फोन किती वाजता लावला. किल्ली इग्निशनला होती हेही लिहिलं. भाच्याचा चेहरा पडला. पण बघा, २०२३ च्या त्या निकालात जो मुद्दा निर्णायक ठरला तो वेळेचा होता. वेळ आणि अंतर पहिल्याच कागदावर असेल तर नंतर कोणी ते ‘बनवलंय’ म्हणू शकत नाही.

खोटं का टिकत नाही, हेही सांगून टाकतो. कंपनी मूळच्या दोन्ही किल्ल्या मागते. तपासनीस त्या हातात घेतो आणि झिजलेली कोणती, कोरी कोणती ते बघतो. मामांकडं एकच, ती पण प्लॅस्टिकमधली. लॉक केली होती तर रोजची किल्ली गेली कुठं? हरवली म्हणाल तर हरवल्याची नोंद विचारतात. शिवाय डेअरीच्या कॅमेऱ्यात ते इंजिन चालू ठेवून उतरताना दिसतच होते.

एक किल्ली खरोखरच पूर्वी हरवली असेल तर ते आधीच, गाडी घरी असतानाच नोंदवून ठेवा. आत्ता, हा लेख वाचून झाल्यावर, दोन्ही किल्ल्या घरात आहेत का ते बघा. आणि दुसरी किल्ली गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवू नका. असं करणारे लोक मी मोजायचे सोडून दिले आहेत.

कंपनीला कळवणं

त्याच दिवशी टोल-फ्री नंबरवर कळवा, क्लेम क्रमांक घ्या आणि लगोलग ई-मेल करा. फोन पुरावा म्हणून दुबळा, ई-मेल पक्का.

उशीर झालाच असेल तर खचू नका. श्रीराम जनरल इन्शुरन्सच्या प्रकरणात एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर गेला होता. फिर्याद त्याच दिवशी होती, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलं. २४ जानेवारी २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की पोलिसांना तत्काळ कळवलं असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा क्लेम नाकारता येणार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये जैना कन्स्ट्रक्शनच्या ट्रकबाबत तर पाच महिन्यांचा उशीर होता, तरी तेच झालं. पण हे दोन्ही निकाल फिर्याद वेळेवर असलेल्यांचे आहेत, एवढं विसरू नका.

कर्ज असेल तर बँकेलाही लेखी कळवा आणि हप्ते थांबवू नका. गाडी गेली म्हणून कर्ज जात नाही.

तपासनीस घरी येतो तेव्हा

चोरीच्या क्लेममध्ये कंपनी खासगी तपासनीस पाठवते. बहुधा गोड बोलणारा माणूस असतो. चहा घेतो, ‘काका, होतं असं कधी कधी’ म्हणतो आणि जबाब लिहून घेतो. त्याच्या कागदावर सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा, कोऱ्या कागदावर सही देऊ नका, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. फिर्यादीतला मजकूर आणि हा जबाब यांत वेळेचा फरक पडला की नामंजुरीच्या पत्रात तेच पहिलं कारण असतं. मामांना मी फिर्यादीची प्रत समोर ठेवूनच बोलायला बसवलं.

वाहन दुसऱ्याच्या ताब्यात असताना गेलं असेल, म्हणजे गॅरेज, धुलाई केंद्र, हॉटेलची पार्किंग, तर पावती जपा. १४ नोव्हेंबर २०१९ च्या ताजमहाल हॉटेल प्रकरणात पाहुण्यानं किल्ली हॉटेलच्या माणसाकडं दिली होती आणि मारुती झेन गेली. पावतीवर जोखीम मालकाची असं छापलेलं असूनही हॉटेल जबाबदार ठरलं. तिथं विमा कंपनीनं मालकाला पैसे देऊन हॉटेलकडून वसुली मागितली होती. गड्ड्याच्या जत्रेत तात्पुरत्या पार्किंगवाल्याच्या हातात किल्ली देता ना? चिठ्ठी मागा, आणि तिचा फोटो काढा.

स्वतःचा ड्रायव्हरच गाडी घेऊन पळाला तर गोष्ट अवघड होते. पोलीस कधी चोरी लावतात, कधी विश्वासघात, आणि पॉलिसीत शब्द ‘चोरी’ असतो. अशा वेळी कलम लागण्याआधीच वकिलाला गाठा.

‘अ समरी’ची वाट

पोलिसांना गाडी सापडली नाही तर ते न्यायालयात अहवाल देतात : गुन्हा खरा, पण तपास लागत नाही. महाराष्ट्रात याला ‘अ समरी’ म्हणतात. ‘ब समरी’ म्हणजे फिर्यादच खोटी, ती झाली तर क्लेम विसराच. कंपन्या अंतिम रकमेसाठी अ समरीची प्रमाणित प्रत मागतात आणि ती मिळायला महिने लागतात. ठाण्यात महिन्याला एक चक्कर, हातात अर्ज, अर्जावर पोच. दुसरा उपाय मला सापडलेला नाही. गाडी तोवर सापडलीच तर न्यायालयातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितली तर हजर करायच्या हमीवर मिळते आणि क्लेम मोडतोडीपुरता राहतो.

दरम्यान बाकी कागद गोळा करा : मूळ आरसी, पॉलिसी, क्लेम फॉर्म, दोन्ही किल्ल्या (किंवा नसलेल्या किल्लीचा खुलासा), आरटीओला चोरी कळवल्याची पोच, मालकी बदलासाठीचे सही केलेले फॉर्म २८, २९, ३०, कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, आणि कंपनीच्या नावे हक्क देणारं पत्र. जे द्याल त्याची यादी करून पोच घ्या. २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकानुसार निव्वळ कागद अपुरे म्हणून क्लेम फेटाळता येत नाही, तेव्हा ‘कागद नाहीत’ एवढंच उत्तर आलं तर ते मान्य करू नका.

नकार आला तर

मामांना सातव्या महिन्यात दोन ओळींचं पत्र आलं : ‘चौथ्या अटीचा भंग, क्लेम नामंजूर.’ पत्र हातात पडलं की कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी लिहा. त्यात पूर्ण रक्कम मागाच, पण खाली एक वाक्य घाला : ‘अटीचा भंग झाला असे धरले तरी क्लेम नॉन-स्टँडर्ड तत्त्वावर ७५ टक्क्यांनी मंजूर करावा.’ हा पर्याय मागितलाच नाही तर समोरचा स्वतःहून देत नाही. आणि २०२३ च्या निकालाचा उल्लेख करा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. सोलापूरसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. दुसरा रस्ता सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. तक्रार ऑनलाइनही करता येते. भरलेली किंमत, म्हणजे विम्याचा हप्ता, पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि हप्ता पाच लाखांचा कुणाचा असतो?

दोन्हीकडं एकदम जाता येत नाही. माझं मत विचाराल तर घटना साधी आणि कागद स्वच्छ असतील तर आधी लोकपाल. साक्षीदार उलटतपासायचे असतील, गॅरेज किंवा हॉटेललाही ओढायचं असेल तर आयोग.

मामा लोकपालाकडं गेले. सुनावणीत डेअरीचं चित्रीकरण आणि फिर्यादीतली मिनिटं जुळली. आयडीव्ही ६,४०,००० होता, ७५ टक्के म्हणजे ४,८०,०००. त्यातून दीड हजार सीसीपर्यंतच्या कारची सक्तीची वजावट १,००० गेली. उरलेल्या ४,७९,००० मधून बँकेचे ३,१०,००० थेट वळते झाले. मामांच्या खात्यात १,६९,००० आले. पिशवीभर दुधाला दीड लाखाचा भुर्दंड पडला, हे ते अजून सांगतात, आणि नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट गेली ती निराळी.

पैसे स्वीकारल्याच्या व्हाउचरवर सही करताना ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द वाचा. रक्कम मान्य नसेल तर तिथं ‘हक्क राखून स्वीकारले’ असं लिहा आणि त्याच दिवशी ई-मेलनं कळवा.

एक काम राहतं. गाडी आता कंपनीची झाली, पण आरटीओच्या नोंदीत नाव तुमचंच असतं. पुढच्या पावसाळ्यात मामांच्या मोबाइलवर कर्नाटकातलं वेगाचं चलन आलं. ते भरायला निघाले होते, मी थांबवलं. असं चलन भरू नका. एफआयआरची प्रत जोडून चलनाविरुद्ध ऑनलाइन हरकत नोंदवा, आणि चलनावरचा फोटो, ठिकाण, तारीख तपास अधिकाऱ्याला आणि विमा कंपनीला एकाच ई-मेलनं पाठवा.